दशमीचं पाणी

आषाढ वद्य दशमी. दहाला तीनने गुणायचं, चारने भागायचं. आले साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमाराला भरती पुरी होणार आणि मग दुपारपर्यंत खाडी उतरत राहणार. हा हिशेब मला मनोरीच्या नाखवांनी शिकवला. मोबाइलवर भरतीची वेळ मिनिटासकट मिळते आणि तीही मी बघते, पण तिथीच्या पाऊणपटीने काढलेली वेळ कामाला पुरते. शिवाय तिथी कळली की पाण्याचा जोरही कळतो. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. दशमीचं पाणी भांगातलं, ओढ कमी. आम्हाला तेच हवं होतं.

मालाडच्या बाजारात ज्या मावशींकडून मी पंधरा वर्षं मासे घेते, त्यांचे मालक म्हणजे हे नाखवा. जून आणि जुलै असे दोन महिने यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, त्यामुळे ते घरी होते. मागे एकदा बोलता बोलता मी मावशींना सांगितलं होतं की आम्ही तिघं मित्र हिमाचलात जाऊन पिसांच्या गळाने मासे धरायला शिकलो. त्यांनी ते घरी सांगितलं आणि नाखवांचा निरोप आला: ‘त्यांना म्हणावं, इथं येऊन दाखवा.’

आम्ही तिघं म्हणजे मी, मास्तर आणि डॉक्टर. मास्तर रात्रशाळेत शिकवतो, डॉक्टर डोळ्यांची. कॉलेजपासूनची दोस्ती. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी गेलो होतो. ट्राउट मूळचा आपल्याकडचा मासा नाही. इंग्रजांनी त्याची अंडी विलायतेहून आणून आधी काश्मीरात आणि मग १९०९ साली कुलू भागात वाढवली आणि तो तिथलाच होऊन गेला. त्याला पाणी गार लागतं, वीस अंशांच्या आतलं. मुंबईच्या कुठल्याच पाण्यात तो जगणार नाही. पण ज्या पद्धतीने तो धरतात, ती पद्धत कुठेही नेता येते आणि आम्हा तिघांना तिचाच लळा लागला होता.

ही पद्धत थोडी उलगडून सांगते. साध्या गळाला शिसं बांधतात आणि शिशाच्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला वजन जवळजवळ नसतंच. चार पिसं, थोडे केस, दोरा, बस. वजन असतं ते दोरीला. दोरी जाड, लेप दिलेली. ती रॉडने मागे हवेत फेकायची, मागे पूर्ण सरळ होऊ द्यायची, आणि सरळ झाली की पुढे. सगळी कला त्या मधल्या थांबण्यात आहे. दोरी मागे सरळ व्हायच्या आत हात पुढे आणला तर सगळं पायाशी गोळा होऊन पडतं. मी शिवाजी पार्कवर पहाटे जाऊन, गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून, दोन महिने फक्त हे थांबणं शिकले आहे.

ट्राउटच्या पिसाचा आकार माशी-चिलटाएवढा असतो. आम्हाला धरायचा होता खाडीतला मासा, जिताडा. त्याला तो दिसणारही नाही. जिताडा बोयटांसारखे छोटे मासे खातो, कोळंबी खातो. म्हणून आदल्या आठवड्यात मी रात्री जेवण आटोपल्यावर टेबलाला गळ धरून ठेवणारा छोटा व्हाइस लावून बसले. बोटाच्या पेराएवढा गळ. त्याच्या डोक्याशी किचेनच्या साखळीतले दोन मणी दोऱ्याने आवळले, ते डोळे. कोंबडीवाल्याकडून मागून आणलेली पांढऱ्या कोंबड्याच्या मानेची पिसं दोन्ही अंगांना. मध्ये लेसच्या दुकानातून आणलेली रुपेरी जर, चार-पाच तारा, जास्त नाही. शेवटी दोऱ्याच्या गाठीवर बिनरंगाचं नेलपॉलिश. सुकल्यावर बादलीतल्या पाण्यात ओढून पाहिलं. पिसं अंगाला चिकटली, मणी खाली झुकले, जर एकदाच चमकली आणि विझली. बोयटाचं पोर पाण्यात कूस बदलतं तेव्हा असंच चमकतं. मला फार आनंद झाला. त्या रात्री असे सहा बांधले आणि प्रत्येक गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला, म्हणजे मासा सोडायचा झाला तर त्याचं तोंड फाटत नाही.

दशमीच्या सकाळी सहाला मालाडहून बस धरली तेव्हाच पाऊस लागलेला होता. मार्वे जेट्टीवर पाऊस आडवा येत होता. फेरीबोटीत आम्ही तिघं, दोन मोटरसायकली, दुधाचे कॅन, आणि पलीकडे कामाला जाणाऱ्या चार बायका. एकीने रॉडच्या नळ्यांकडे बघून विचारलं, ‘बासरी का गं?’ डॉक्टरने नळी उघडून दाखवली. उतरेपर्यंत चौघींनी मिळून रॉड जोडून पाहिला होता.

पलीकडे नाखवा प्लास्टिकचा कोट घालून उभे होते. होड्या वर ओढून निळ्या ताडपत्रीखाली झाकलेल्या. ओट्यांवर जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं. क्रुसाजवळून गल्ली संपली की शेताचा बांध लागतो आणि बांधावरून पाऊण तास चाललं की उघाडी. उघाडी म्हणजे बांधातलं दार. शेतातलं पावसाचं पाणी ओहोटीला खाडीत जातं आणि भरतीला खारं पाणी आत येत नाही.

मी पोहोचताच रॉड जोडायला घेतला. नाखवा म्हणाले, ‘घाई नको करू पोरी. पानी अजून उभं हाय.’

खरंच पाणी उभं होतं. भरती पुरी होऊन खाडी श्वास रोखल्यासारखी थांबली होती. आम्ही बांधावर बसून राहिलो. आठ वाजून गेल्यावर काठच्या तिवराच्या एका मुळाशी अडकलेलं पान हललं, फिरलं आणि समुद्राच्या दिशेने निघालं. ‘आता,’ नाखवा म्हणाले.

उघाडीतून शेतातलं पाणी बाहेर यायला लागलं. ते तांबूस, गाळाचं, गोडं. खाडीचं पाणी हिरवट, खारं. जिथे दोन्ही भेटत होती तिथे पाण्यावर एक रेघ उमटली, तिच्यावर फेस आणि काडीकचरा. रेघेच्या एका अंगाला पाणी धावतंय, दुसऱ्या अंगाला मंद फिरतंय. नाखवांनी बोट दाखवलं. जिताडा धावत्या पाण्यात उभा राहत नाही, दमतो. तो मंद पाण्यात, रेघेला टेकून राहतो. शेतातून वाहून येणारी बोयटं, कोळंबी त्याच्या तोंडासमोरून जातात.

मी मास्तरकडे पाहिलं आणि मास्तरने माझ्याकडे. तीर्थनला आमच्या वाटाड्याने गुडघाभर बर्फाच्या पाण्यात उभं राहून आम्हाला हेच सांगितलं होतं, जवळपास ह्याच शब्दांत. धावतं पाणी खाणं आणून देतं, थांबलेलं पाणी दमू देत नाही, मासा त्या दोघांच्या शिवणीवर असतो. त्या माणसाने समुद्र पाहिलेला नाही, नाखवा कधी कल्याणच्या पलीकडे गेलेले नाहीत. मला त्या क्षणी दोघांना एकत्र बसवावंसं वाटलं.

टाकायला सुरुवात केली आणि पहिली अडचण पाठीशी आली. मागे तिवर. दोरी मागे सरळ व्हायला जागाच नाही. शिवाजी पार्कवर मागे अख्खं मैदान होतं. तीन वेळा पिसं तिवरात अडकली, एकदा तुटली. मग रोल कास्ट. यात दोरी मागे हवेत जातच नाही. पाण्यावरून सावकाश ओढत आणायची, रॉड कानापाशी आला की क्षणभर थांबायचं, दोरीचा पोटासारखा झोळ कोपराच्या मागे लटकला की रॉड पुढे खाली झटकायचा. दोरी पाण्यावरून चाकासारखी उलगडत जाते. तीस-पस्तीस फूट. एवढं पुरत होतं.

दुसरी अडचण वाऱ्याची. नैऋत्येचा वारा माझ्या उजव्या अंगाने येत होता आणि गळ दर वेळी डोक्याच्या दिशेने ढकलत होता. डॉक्टरने बांधावरच सगळ्यांना थांबवलं. तिने तिघांसाठी कारखान्यात वापरतात तसे जाड चष्मे आणले होते, आणि नाखवांसाठी चौथा. ‘डोळ्यात रुतलेला गळ मी काढलेला आहे,’ एवढंच म्हणाली. पुढे कोणी चष्मा उतरवला नाही, काचेवरून पाणी वाहत असूनही. मी रॉड डाव्या खांद्यावरून टाकायला लागले, म्हणजे वाऱ्याने दोरी आपल्यापासून लांब जाते. हात अवघडतो, पण सुरक्षित. जमिनीवर उभे राहण्याचा नियमही तिचाच: पायाला जरा जरी खरचटलं असेल तर पावसाच्या साचल्या पाण्यात उतरायचं नाही, लेप्टोचा ताप येऊ शकतो. आणि गमबूट हवेतच, कालवांच्या शिंपा ब्लेडसारख्या कापतात.

नऊच्या सुमाराला रेघेजवळ आवाज झाला. ओल्या पाटावर हाताची थाप मारावी तसा, पोकळ. नाखवांनी मान डोलावली. जिताडा खाणं चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो, त्याचा तो आवाज. मी रेघेच्या वरच्या अंगाला पिसं टाकली, वाहत येऊ दिली, डाव्या हाताने दोरी दोन-दोन वीत ओढत राहिले. तिसऱ्या ओढीला दोरी जड झाली.

आणि मी रॉड वर उचलला.

ट्राउटला तसंच करतात. त्याचं तोंड मऊ, गळ बारीक, मनगट उचललं की बसतो. जिताड्याचा जबडा टणक. तिथे रॉड खाली पाण्याकडे ठेवून डाव्या हाताने दोरी सरळ, जोरात खेचायची असते. हे मला माहीत होतं, मास्तरने आदल्या रात्री फोनवर पुन्हा सांगितलंही होतं. पण मनगटाने तीर्थनचं ऐकलं. पाण्यात एक रुंद, पितळी अंग वळलं आणि दोरी हलकी होऊन माझ्या तोंडावर आली. मी बराच वेळ तशीच उभी होते. नाखवा म्हणाले, ‘गेला तो गेला. पानी अजून चार तास हाय.’

त्या चार तासांतले पहिले दोन फार कठीण गेले. मुंबईत थंडी म्हटलं की लोकांना डिसेंबरची पहाट आठवते. पण भर आषाढात, अंगातला शेवटचा कपडा भिजल्यावर, उघड्या खाडीवर वारा सुटला की जी थंडी वाजते ती हाडात शिरते. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या, गाठ मारता येईना. जिताड्याच्या कल्ल्याची झाकणं धारदार असतात, साधी नायलॉन दोरी कापतात, म्हणून गळाजवळ जाड तुकडा बांधावा लागतो आणि जाड नायलॉनची गाठ गार बोटांनी आवळत नाही. मास्तर दाताने आवळत होता. डॉक्टरचे दात वाजत होते, तरी ती जागा सोडायला तयार नव्हती.

आणि प्लास्टिक. ओहोटीबरोबर सगळ्या उपनगराचा कचरा खाडीत उतरतो. दर दोन-तीन फेकींमागे पिसांना दुधाची पिशवी, वेफर्सचं पाकीट, एकदा औषधाची पट्टी. आम्ही एक गोणी नेली होती, तीत भरत गेलो. अकरापर्यंत ती भरली. नाखवा म्हणाले की त्यांच्या डोलीच्या जाळ्यात काही दिवस मासे कमी आणि हेच जास्त येतं, ते निवडण्यात सकाळ जाते. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. मला त्या दिवसातलं सर्वांत जास्त काय लागलं असेल तर ते.

नाखवांनी स्वतः रॉड हातात घेतला नाही. ते थोडं खाली, कोपऱ्यावर, हातदोरीला कोळंबी लावून बसले होते. दोरी तर्जनीवरून सोडलेली, डोळे भलतीकडे. दहाच्या आसपास त्यांनी एक तांब मासा काढला, अर्ध्या तासाने दुसरा. दोन्ही वेळा मला फक्त त्यांचं मनगट एकदा मागे गेलेलं दिसलं. मी जवळ जाऊन बसले तर त्यांनी दोरी माझ्या बोटावर दिली. गाळावर शिसं घसरतं ते कळत होतं, खेकडा कोळंबी चिमटतो ते कळत होतं, बारीक, टिकटिक असं. ‘यो चिंबोरी. यो मासा न्हाय.’ मी रॉड हातात घेऊन जे डोळ्यांनी शोधत होते ते त्यांचं बोट वाचत होतं.

साडेअकराला पाऊस थोडा उणा झाला. पाणी खूप उतरलं होतं आणि ती रेघ आता काठापासून लांब, अरुंद झाली होती. मास्तरला एक शिंगाळा लागला. त्याचे काटे टोचले तर दिवसभर ठणकतं, म्हणून नाखवांनीच तो पक्कडीने सोडवला. मी शेवटचं राहिलेलं पांढरं पीस बांधलं. रोल कास्ट, रेघेच्या वर. वाहू दिलं. दोन वीत, थांब. दोन वीत, थांब. थांबले असतानाच ती थाप ऐकू आली.

या वेळी रॉडचं टोक पाण्यातच राहिलं. डावा हात कमरेच्या मागे गेला तोवर खेचला. दोरी दगडात अडकल्यासारखी बसली आणि मग दगड चालायला लागला. मासा पाण्याबाहेर आला, अख्खा, डोकं झाडत, आणि परत आत. पायाशी गोळा झालेली दोरी सर्रकन रॉडच्या कड्यांतून गेली, माझ्या बोटाला तिने कापल्याची जखम नंतर दिसली. तो तिवराच्या मुळांकडे निघाला होता. तिथे पोहोचला असता तर संपलंच. मास्तर ओरडत होता, ‘आडवा धर, आडवा!’ मी रॉड पाण्याला समांतर, खाडीकडे धरला. दोन मिनिटं असतील, तीन असतील. मग तो कुशीवर आला.

दीड वीत. मोठा नव्हे. डॉक्टरने ओल्या हातांनी त्याला पाण्यातच धरलं. पाठ काळपट हिरवी, पोटाला चांदी, जबडा खालचा पुढे आलेला. आणि डोळा. त्यात उजेड पडला की तो आतून निखाऱ्यासारखा पेटतो. पाऊस त्या डोळ्यावर पडत होता आणि तो मिटत नव्हता, माशाला पापणी नसते हे माहीत असून मला वाटत होतं मिटावा.

गटारी अमावस्या चार-पाच दिवसांवर होती. बाजारात जिताड्याला तेव्हा काय मागणी असते ते कुणालाही विचारा, रायगडच्या पाहुण्याला तर विचारूच नका. तो नाखवांच्या खाडीतला मासा होता, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माशाच्या अंगावर आपली वीत ठेवून पाहिली.

‘एवढ्यात गाभोळी कधी मिलाली न्हाय मला,’ ते म्हणाले. ‘गाभोळी मोठ्यात. यो पोर हाय. सोड त्याला.’

गाभोळी म्हणजे माशाची अंडी, ती मादीतच. मी वाचलं होतं की जिताडा आधी नर असतो आणि वाढून मोठा झाल्यावर मादी होतो. नाखवांनी ते पन्नास वर्षं मासे चिरताना पाहिलेलं होतं. गळ चिमटीत धरून उलटा ढकलला, काटा दाबलेला असल्याने लगेच सुटला. मी माशाचं तोंड वाहत्या पाण्याकडे करून धरलं. कल्ले उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मग शेपटीचा एक फटका माझ्या तळव्यावर बसला आणि हात रिकामा झाला.

मावशींच्या घरी पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. त्यांनी आधी आम्हा दोघींना कोरडी पातळं दिली, मास्तरला नाखवांचा सदरा, मग गवती चहा आणि आलं घातलेला कोरा चहा. पेला दोन्ही हातांत धरून बसलो तरी पाच मिनिटं हात थरथरत होते. दोन्ही तांब मावशींनी आम्हाला बघू देत चिरले, डोक्यांसकट कालवणात टाकले, मसाला घरचा, कोकम वरून. तांदळाच्या गरम भाकऱ्या. सोबत सुक्या जवळ्याची चटणी. नाखवांनी मास्तरचं एक पीस हातात घेऊन उलटंपालटं केलं, जर बोटाने मोडून पाहिली आणि मावशींना म्हणाले, ‘बघ गं, कोंबड्याचा मासा केलाय.’ मग ते पीस त्यांनी परत दिलं नाही, भिंतीवरच्या खिळ्याला लावून ठेवलं.

चारच्या फेरीने निघालो. भरती पुन्हा चढत होती. गोणी जेट्टीवरच्या कचरापेटीत टाकली.

घरी येऊन रील गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलं, नाहीतर खाऱ्याने गंजतं. ओली दोरी बाल्कनीतल्या वाळणीवर पसरली. शेवटचं पांढरं पीस अर्धं चावलेलं, जर तुटलेली, एक मणी हललेला. ते खिडकीच्या जाळीला टोचलं. मग ओल्याच हाताने कॅलेंडरचं पान उलटलं. श्रावण शुद्ध दशमी. दहा त्रिक तीस, भागिले चार. साडेसात. नेमका कामाचा वार होता, रजा टाकावी लागणार होती. त्यानंतर पाच दिवसांनी नारळी पौर्णिमा, आणि नारळ सोडला की नाखवा समुद्रावर.

मास्तरला आणि डॉक्टरला तिथी पाठवून दिली.